‘निमूटपणे’ लिहिण्याआधी: आज्ञापालनाची क्रियाविशेषणं कशी निवडावीत

‘त्याने निमूटपणे दार लावलं.’ कथेत असं वाक्य आलं की वाचकाचं लक्ष दारावरून उडून माणसाकडे जातं. दार लावायला कुणीतरी सांगितलंय, याला ते फारसं पटलेलं नाही, तरी त्याने लावलंय, हा सगळा मजकूर त्या एका शब्दातून येतो. त्याच जागी ‘आज्ञाधारकपणे’ घालून पाहा. मनातली कुरकुर गेली. आता तो शहाणा मुलगा तरी आहे, नाहीतर लेखक त्याला चिमटा काढतोय. ‘मुकाट्याने’ घातलं तर समोर डोळे वटारून कुणीतरी उभं राहिलं.

सांगितलेलं ऐकण्यासाठी मराठीत अशी बरीच क्रियाविशेषणं आहेत: आज्ञाधारकपणे, निमूटपणे, मुकाट्याने, गुमान, विनातक्रार, बिनबोभाट, बरहुकूम. जोडीला वाक्प्रचारांचा ताफा आहेच: हूं की चूं न करता, चकार शब्द न काढता, आज्ञा शिरसावंद्य मानून. कोशात यांचे अर्थ एकमेकांच्या इतके जवळ दिलेले असतात की कुठलाही उचलला तरी चालेल असं वाटावं. मग हात सवयीने ‘निमूटपणे’वर पडतो आणि एकाच कादंबरीतली आजी, शिपाई, नवरा आणि कुत्रा असे सगळेच निमूटपणे वागू लागतात.

पहिली पायरी: नकाराचं काय झालं ते ठरवा

शब्द निवडण्याआधी पात्राला एकच प्रश्न विचारायचा. तुझ्या मनात ‘नाही’ आलं होतं का, आणि आलं असेल तर ते गेलं कुठे? या घराण्यातल्या शब्दांमधला खरा फरक इथेच आहे.

‘आज्ञाधारकपणे’ मध्ये नकार उगवलेलाच नसतो. आज्ञा धारण करणारा तो आज्ञाधारक. सांगणाऱ्याचा अधिकार त्याने आधीच मान्य केलेला असतो, त्यामुळे प्रत्येक हुकमाला नव्याने मन वळवावं लागत नाही. ‘निमूटपणे’ मध्ये नकार असतो आणि तो गिळलेला असतो. तो का गिळला हे शब्द सांगत नाही. भीती असेल, प्रेम असेल, कंटाळाही असेल. साहित्यात हा शब्द इतका आवडता आहे तो याच मोकळ्या जागेमुळे. कारण वाचक भरतो. ‘मुकाट्याने’ मध्ये नकार बाहेरून दाबलेला असतो. शब्द ‘मुका’च्या घरातला, आणि तोंड बंद करणारा कुणी दुसरा आहे ही छटा त्याला बहुतेक वेळा चिकटलेली असते.

‘विनातक्रार’ थोडा वेगळा चालतो. तक्रार करायला जागा होती, हक्कही होता, तरी केली नाही, असं तो सुचवतो. म्हणून तो नोकरी, सेवा, व्यवहार यांच्या आसपास शोभतो. ‘बिनबोभाट’चा मनाशी संबंधच नाही. बोभाटा म्हणजे गाजावाजा. तो न होता काम उरकलं, इतकंच. करणारा खूश होता की नाराज, याबद्दल हा शब्द मौन पाळतो. थोडी लपवाछपवीची शंका मात्र मागे सोडतो. ‘बिनबोभाट बदली झाली’ हे वाचताना कुणाला तरी ती गाजू द्यायची नव्हती असं वाटतंच.

‘बरहुकूम’ सर्वांत कोरडा. फारसी ‘बर’ आणि अरबी ‘हुकूम’ मिळून तो झाला आहे, अर्थ हुकमाप्रमाणे. तो सहसा एकटा येत नाही, शब्दाच्या मागे लागतो: ठरल्याबरहुकूम, कायद्याबरहुकूम. जुन्या कागदपत्रांत ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा असे, म्हणजे मुळाशी तंतोतंत जुळणारी प्रत. माणसाच्या वागण्याला तो लावला की माणूसही प्रत होतो. हे हवं असेल तर यासारखा शब्द नाही.

‘गुमान’ची गंमत अशी की हिंदीत तो गर्व, आणि मराठीत तोंडातून अवाक्षर न काढता चालू लागणं. बोलण्यातला शब्द आहे. ‘गुमान घरी जा’ या वाक्याला धमकीची धार आहे, पण थोडी आपुलकीही असू शकते. आजोबा नातवाला म्हणतील, दारूवाला दारुड्याला म्हणेल.

दुसरी पायरी: तीन कसोट्या लावा

अर्थाबद्दल शंका असेल तर शब्द वेगवेगळ्या वाक्यांत बसवून बघावा. कान लगेच उत्तर देतो.

पहिली कसोटी आज्ञार्थाची. ‘निमूटपणे बस’, ‘मुकाट्याने बस’, ‘गुमान बस’ ही तिन्ही वाक्यं घराघरांत ऐकू येतात. ‘आज्ञाधारकपणे बस’ असं मात्र कुणी म्हणत नाही. कारण उघड आहे: गप्प बसण्याचा हुकूम देता येतो, आज्ञाधारक असण्याचा देता येत नाही. तो गुण दुसऱ्याने बघून ठरवायचा असतो. म्हणजे ‘आज्ञाधारकपणे’ हा बघणाऱ्याचा शब्द आहे. निवेदकाने वापरला तर निवेदक वरून, थोडा लांबून बघतोय असं होतं.

दुसरी कसोटी ‘मी’ची. ‘मी निमूटपणे दंड भरला’ हे सरळ वाक्य आहे. ‘मी आज्ञाधारकपणे दंड भरला’ म्हटलं की ऐकणारा हसतो, कारण माणूस स्वतःकडेच लांबून बघू लागला. विनोदी लेखन करणाऱ्यांसाठी हे फुकट मिळालेलं हत्यार आहे. प्रथमपुरुषी निवेदनात ‘आज्ञाधारकपणे’ गंभीरपणे वापरायचा असेल तर फार जपून. दहातल्या नऊ वेळा तो उपरोधिकच ऐकू येतो.

तिसरी कसोटी नकारार्थाची, आणि इथे चांगले लेखकही घसरतात. ‘ती निमूटपणे गेली नाही.’ याचा अर्थ काय? ती गेलीच नाही? की गेली, पण भांडून गेली? मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ते क्रियापदाला लागतं की क्रियाविशेषणाला, हे कागदावर कळत नाही. बोलताना आवाजाच्या चढउताराने कळतं, लिहिताना ती सोय नाही. उपाय सोपा आहे, वाक्य मोडायचं: ‘ती गेली, पण निमूटपणे नव्हे.’ किंवा ‘तिने जायला नकार दिला.’ दोन्हींपैकी काय घडलं ते लेखकाला माहीत आहे, वाचकाला नाही.

तिसरी पायरी: क्रियापदाशी जमतं का ते पाहा

‘निमूटपणे’ची जमणारी क्रियापदं ठरलेली आहेत: सोसणं, ऐकून घेणं, सही करणं, उठणं, निघून जाणं, पैसे मोजणं. शरीर हलतं, तोंड हलत नाही. म्हणून ‘त्याने निमूटपणे उत्तर दिलं’ वाचताना थोडं अडखळायला होतं. तरी ‘त्याने निमूटपणे आपलं नाव सांगितलं’ चालतं, कारण नाव सांगणं म्हणजे बोलणं कमी, शरण जाणं जास्त. ‘निमूटपणे ओरडला’ मात्र कुठल्याही सबबीवर चालणार नाही.

‘मुकाट्याने’ इथे आश्चर्य दाखवतो. त्यात मुकेपणा उघड दिसतो, तरी ‘मुकाट्याने सांग, किल्ली कुठे ठेवलीस?’ हे अस्सल मराठी वाक्य आहे. मुक्याने सांगायचं कसं? वापरून वापरून त्यातलं गप्प राहणं झिजलं आणि आडेवेढे न घेणं तेवढं उरलं. ‘निमूटपणे सांग’ तितकं सहज येत नाही. त्यातला अबोला अजून ताजा आहे. संवाद लिहिताना हा फरक उपयोगी पडतो. दमदाटी करणाऱ्याच्या तोंडी ‘मुकाट्याने’ घाला, ‘निमूटपणे’ घातलं तर दमदाटी सभ्य होऊन बसते.

‘आज्ञाधारकपणे’ला वस्तू आणि प्राणी चालतात. ‘कुत्रं आज्ञाधारकपणे पायाशी बसलं’ यात काहीच खटकत नाही. ‘लिफ्ट आज्ञाधारकपणे तिसऱ्या मजल्यावर थांबली’ यात हलका विनोद आहे. ‘लिफ्ट निमूटपणे थांबली’ म्हटलं की लिफ्टला मन आलं आणि त्या मनात नाराजीही आली. कवितेत किंवा भीतिकथेत तेच हवं असू शकतं. स्वतःच्या शरीराबद्दलही हा खेळ करता येतो: ‘पाय निमूटपणे घराकडे वळले’ म्हणजे माणूस आणि त्याचे पाय यांच्यात हुकूम देणारा एक आणि ऐकणारा दुसरा अशी फाळणी झाली.

चौथी पायरी: वाक्यातली जागा

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्रियापदाच्या जवळ ठेवलं तर शब्द शांत राहतो: ‘त्याने कागद निमूटपणे घडी करून खिशात घातला.’ वाक्याच्या आरंभी आणलं तर तोच बातमी होतो: ‘निमूटपणे त्याने कागद घडी करून खिशात घातला.’ शेवटी टाकलं, ‘कागद खिशात घातला. निमूटपणे.’, तर लेखक वाचकाला कोपर मारतोय. हा तिसरा प्रकार अलीकडे फार बोकाळला आहे. पूर्ण कथेत एकदा चालेल.

एका गोष्टीची मात्र सवय लावून घ्यावी. ‘निमूटपणे, काहीही न बोलता, मान खाली घालून’ अशी रांग लागली की तिच्यातले दोन शब्द कापायचे. तिन्ही एकच सांगतात, आणि मान खाली घालणं तर इतकं वापरलं गेलंय की वाचकाला आता मानही दिसत नाही.

पाचवी पायरी: काळ आणि तोंड

ऐतिहासिक कथा लिहिताना ‘आज्ञाधारकपणे’ सैनिकाच्या किंवा सरदाराच्या तोंडी देऊ नये. त्या काळच्या पत्रव्यवहाराची भाषा ‘आज्ञेप्रमाणे’, ‘मर्जीप्रमाणे’, ‘हुकमाप्रमाणे’ अशी चालते. ‘-पणे’ लावून गुणाचं क्रियाविशेषण करण्यापेक्षा आज्ञेचा थेट हवाला देण्याकडे तिचा कल असतो. ‘शिरसावंद्य’ही त्या वातावरणात बसतो. ‘शिरसा’ ही संस्कृतची तृतीया आहे, मस्तकाने वंदन करण्याजोगं ते शिरसावंद्य; तेव्हा ‘आज्ञा शिरसावंद्य मानून’ हे वाक्य उच्चारणाऱ्याने मान तुकवलेली असते, नुसती हलवलेली नसते. आजच्या ऑफिसातला माणूस हाच शब्द वापरतो तेव्हा तो थट्टा करत असतो.

एखादा शब्द जुन्या काळात चालेल का अशी शंका आली तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पाहावं. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात शब्द काय अर्थाने वावरत होता हे कळतं. १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश वाक्प्रचारांसाठी जास्त कामाचा आहे. दोन्हींत एकच शब्द शोधून अर्थ कुठे सरकला ते ताडून पाहिलं की अर्धं संशोधन झालं.

पुराणकथा नव्याने सांगताना तर एका क्रियाविशेषणाने कथेची बाजूच बदलते. महाभारताच्या आदिपर्वात द्रोण अंगठा मागतो आणि एकलव्य देतो. तिथे कवीने त्याचं वर्णन ‘हृष्टवदन’ आणि ‘अदीनमानस’ असं केलं आहे, चेहरा प्रसन्न आणि मन दीन न झालेलं. आणि अंगठा त्याने ‘अविचार्य’, म्हणजे विचार करत न बसता छाटला. आता हाच प्रसंग कुणी मराठीत ‘एकलव्याने निमूटपणे अंगठा कापून दिला’ असा लिहिला तर काय होतं? गिळलेला नकार आला. अन्याय सोसणारा मुलगा समोर आला. मूळ प्रसंगातल्या प्रसन्न चेहऱ्यात जी अस्वस्थ करणारी गोष्ट होती, ती गेली आणि तिच्या जागी आपल्याला समजणारी करुणा आली. आजच्या लेखकाला हे हवं असू शकतं, त्यात गैर काहीच नाही. पण तो निर्णय समजून घेतलेला असावा, सवयीने पडलेला नसावा. ‘मुकाट्याने’ लिहिलं तर द्रोण आणखी काळा होतो, ‘आज्ञाधारकपणे’ लिहिलं तर सगळा प्रसंगच शाळेच्या वर्गात जाऊन बसतो.

सहावी पायरी: हा शब्द कुणाला लावताय?

‘निमूटपणे’मध्ये एक दबकी शाबासकी आहे. ‘तिने आयुष्यभर निमूटपणे सगळं केलं.’ श्रद्धांजलीच्या लेखांत हे वाक्य हमखास येतं आणि तिथे ते कौतुक म्हणून येतं. सून, आई, मोठी बहीण, घरकाम करणारी बाई, हाताखालचा माणूस यांना हा शब्द भराभर मिळतो. वडील, मालक, अधिकारी यांच्या वाट्याला क्वचित. स्वतःच्या लिखाणातली पात्रं एकदा या नजरेने तपासावीत. कुणाकुणाला ‘निमूटपणे’ दिलाय आणि कुणाला ‘शांतपणे’, ‘संयमाने’ दिलाय? वरचढ माणूस गप्प बसला तर तो संयम, खालचा बसला तर निमूटपणा, अशी वाटणी बऱ्याचदा लेखकाच्या नकळत होते. उलटं करून बघण्यासारखं आहे. ‘साहेबांनी कारकुनाचं बोलणं निमूटपणे ऐकून घेतलं’ या एका वाक्यात त्या कचेरीत काहीतरी मोठं घडून गेल्याचं कळतं.

पात्राच्या वागण्याला दूषण द्यायचं असेल तर क्रियाविशेषण सोडून नाम घ्यावं. मराठी त्या बाबतीत श्रीमंत आहे: होयबा, सांगकाम्या, नंदीबैल, ताटाखालचं मांजर. चौघे एक नव्हेत. सांगकाम्याला अक्कल नाही, होयबाला कणा नाही, नंदीबैल कळत नसताना मान डोलावतो, आणि ताटाखालचं मांजर एकाच घरी मिंधं असतं.

सातवी पायरी: काढून बघा

ही पायरी सगळ्यांत जास्त कामाची आहे, म्हणून तिला थोडा वेळ देऊ. एक छोटा प्रसंग घ्या.

साहेबांनी फाइल परत सरकवली. ‘तारीख बदला.’ कारकुनाने तारीख बदलली.

‘कारकुनाने निमूटपणे तारीख बदलली.’ त्याला पटलेलं नाही, आपण त्याच्या बाजूचे. ‘मुकाट्याने तारीख बदलली.’ साहेबाचा धाक आहे, बहुधा याआधी काही बोलाचाली झाली आहे. ‘आज्ञाधारकपणे तारीख बदलली.’ कारकून थोडा हास्यास्पद झाला, निवेदक चलाख झाला. ‘बिनबोभाट तारीख बदलली.’ आता कारकूनही सामील वाटतो. ‘सांगितल्याबरहुकूम तारीख बदलली.’ माणूस संपला, यंत्र उरलं.

आणि क्रियाविशेषणच नसलेलं मूळचं वाक्य? मला तेच सगळ्यांत भीतिदायक वाटतं. हे रोजचंच आहे, असं ते सांगतं. साहेब सांगतात, हा बदलतो, कुणाच्या मनात काही हलत नाही.

आणखी एक वाट आहे. ‘कारकुनाने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. चष्मा पुसला. मग टोपण काढून तारीख बदलली.’ इथे गिळलेला नकार डोळ्यांना दिसतो आणि ‘निमूटपणे’ लिहायची गरजच उरत नाही. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी क्रियाविशेषण काढून कृती घालावी, असा जो उपदेश हल्ली लेखन-कार्यशाळांत दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. प्रसंग महत्त्वाचा असेल तर टोपण, चष्मा, सगळं येऊ द्या. पात्राला नुसतं खोलीबाहेर काढायचं असेल तर ‘ती निमूटपणे बाहेर गेली’ हे चार शब्द पुरेत. तिथे चष्मे पुसत बसलं तर कथा हलायची नाही.

आणि लिहून झाल्यावर

शेवटचा हात फिरवताना संगणकावर ‘पणे’ हा शोध देऊन सगळ्या जागा एकदा नजरेखालून घालाव्यात. ‘-पणे’ म्हणजे ‘-पण’ला लागलेला तृतीयेचा ‘ए’. म्हणून ‘निमूटपणे’ आणि ‘निमूटपणाने’ दोन्ही बरोबर, पहिलं सुटसुटीत. नुसतं ‘निमूट’ही क्रियाविशेषणासारखं चालतं (‘निमूट उठला’), आणि कवितेत मात्रा वाचवायच्या तर तेच बरं.

लेखनात चुका ठरावीक होतात. ‘निमूट’मधला ‘मू’ दीर्घ आणि ‘-पणे’ लागल्यावरही दीर्घच. ‘हुकूम’ला विभक्ती लागली की मात्र ‘हुकमाने’ किंवा ‘हुकुमाने’, ‘हुकूमाने’ चूक. ‘विनातक्रार’, ‘बिनबोभाट’ हे एकेक शब्द आहेत, मध्ये जागा सोडू नये. ‘नाइलाजाने’मधला ‘इ’ ऱ्हस्व. तोही या घराण्याचा दूरचा नातेवाईक, फक्त त्यात नकार पूर्ण शुद्धीत असतो आणि वाट बंद असते. आणि ‘आज्ञाधारक’चा पहिला काना विसरू नये. ‘अज्ञ’ म्हणजे अजाण, त्यामुळे अर्जाखाली ‘आपला अज्ञाधारक’ अशी सही झाली तर साहेब निमूटपणे मंजूर करतीलच असं नाही.